एक तारखेपासून

डिसेंबर सरत आला की आमच्याकडे वालाला फुलं येतात. भातं कापून झालेली असतात, खळी रिकामी होतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल आपला आपण वर येतो. सकाळी धुकं इतकं दाट पडतं की बांधावरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखू येतो आणि मग दिसतो. गावाबाहेर वीटभट्ट्या लागतात, त्यांचा धूर त्या धुक्यात अडकून राहतो. नवं भात गिरणीतून भरडून घरी येतं. पहिल्यांदा तो तांदूळ चुलीवर रटरटायला लागला की सगळ्या आळीत वास सुटतो, आणि ज्याच्या त्याच्या पोटात भूक जागी होते.

लोकांना हे दिवस आवडतात. मला त्यांची भीती वाटते.

परवा किन्हवलीहून शहापूरला जाताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन मुली बसल्या होत्या. कुठल्याशा ऑफिसात नव्याने लागलेल्या असाव्यात. एक दुसरीला सांगत होती, "एक तारखेपासून भात बंद. साखर बंद. रात्रीचं जेवणच बंद. आणि रोज सकाळी पळायचं म्हणजे पळायचं." दुसरी हसली. म्हणाली, "दर वर्षी बोलतेस." तशी पहिली म्हणाली, "यंदा नाय मोडणार. बघच तू." तिच्या आवाजात एवढी उमेद होती की कुणालाही कौतुक वाटलं असतं. मी खिडकीची काच सरकवून तोंड बाहेर केलं. थंड वारा लागला तेव्हा कुठे बरं वाटलं.

"यंदा नाय मोडणार" हे शब्द मी माझ्या घरात ऐकले होते. नव्याण्णव साल उजाडायचं होतं तेव्हा.

माझं माहेर धसईचं. लग्न होऊन मी किन्हवलीच्या अलीकडच्या या गावात आले. हे मुरबाडला एका कचेरीत कारकून होते. रोज सकाळी एसटीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. आम्हाला एकच मुलगी, मनीषा. शेजारच्या दारात ह्यांचे मोठे भाऊ आणि माझी जाऊ राहायची. भावाला हे दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणायचे. शेती दादांकडे होती. दोघा भावांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. हे कचेरीतून आले की चपला न काढता आधी दादांच्या ओट्यावर जायचे. तिथे चहा व्हायचा, मग आमच्या घरी दुसरा चहा.

दोघेही खाणारे. नव्या तांदळाचा भात, वरून वालाचं बिरडं किंवा सुक्या बोंबलाची आमटी असली तर ताटातला ढीग खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. जाऊबाई म्हणायच्या, "दोघांनाबी पोट नाय, पोतं दिलंय देवानं." त्यावर दादा ढेकर देऊन हसायचे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि भाताची झोडणी चालू असताना दादा खळ्यावर खाली बसले. घाम पुसायला बसले असतील असंच सगळ्यांना वाटलं. जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.

दहाव्या-बाराव्याला हे रडले नाहीत. आलेल्या माणसांची बसायची सोय बघत होते, ब्राह्मणाला काय हवं-नको बघत होते. मी वाट बघत होते की कधीतरी एकदा कोसळतील. कोसळले नाहीत. फक्त कचेरीतून आल्यावर दादांच्या ओट्यापुढून जाताना मान वळवायचे नाहीत. सरळ घरात येऊन आरशापुढे उभे राहायचे, छातीवर हात ठेवायचे, पोट चेपून बघायचे. एकदा मला म्हणाले, "सुमन, माझीबी छाती धडधडते गो."

मीच म्हटलं, शहापूरला डॉक्टरांना दाखवू. गेलो. हृदय चांगलं होतं, पण रक्तात साखर निघाली. डॉक्टर वयस्कर होते, बोलणं शांत. म्हणाले, "घाबरू नका. ही गोळी रोज जेवणाआधी घ्या, पण गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. भात थोडा कमी करा. संध्याकाळी अर्धा तास पायी फिरा. वजन हळूहळू उतरू द्या. घाई करू नका." मी सगळं नीट ऐकलं. ह्यांनी ऐकलं त्यातलं फक्त साखर निघाली एवढंच.

परतीच्या एसटीत हे चिडलेले होते. "हा काय डाक्टर हाय? अर्धा तास फिरा म्हणे. मी म्हातारा झालोय काय? दादा असाच हळूहळू बघू, हळूहळू बघू करत गेला."

आता वाटतं, ते शब्द ऐकून मला कळायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला उलट बरंच वाटलं होतं. गप्प झालेला माणूस निदान काहीतरी बोलायला लागला होता, काहीतरी करणार होता.

एकतीस तारखेला संध्याकाळी ह्यांनी मला आणि मनीषाला समोर बसवलं. म्हणाले, "उद्यापासून या घरात माझ्यासाठी भात शिजणार नाय. साखर नाय, च्या नाय, रात्रीचं जेवण नाय. सकाळी उठून नदीच्या पुलापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. होळीच्या आत मी पंचवीस वर्षांचा होतो तसा होनार."

मनीषा तेव्हा नववीत होती. तिने टाळी वाजवली. मी म्हटलं, "सगळं एकदम कशाला? आधी रात्रीचा भात कमी करा, मग बघू."

"थोडं थोडं कोन करतं? ज्याला करायचंच नसतं तो," हे म्हणाले. "मी दर साली काय ना काय बोलतो आणि मोडतो. यंदा नाय मोडणार."

आणि खरंच मोडलं नाही. हेच तर झालं. मोडलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

भाताच्या मुलखात, नवा भात घरात आलेला असताना भात न खाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. मी आणि मनीषा जेवायला बसलो की हे ओट्यावर जाऊन बसायचे. दुपारच्या डब्यात एक नाचणीची भाकरी आणि पालेभाजी, बस. रात्री नुसतं पाणी. पण गोळी मात्र चुकवायचे नाहीत. डॉक्टरांनी दिलेली तेवढी एकच गोष्ट ह्यांना औषधासारखी वाटत होती. कधी कधी तर दोन घ्यायचे. मी म्हणायचे, "अहो, गोळी घेतली की खायचं म्हणून सांगितलंय त्यांनी." तर म्हणायचे, "खाऊनच तर साखर झाली. गोळी घ्यायची आणि वर खायचं, मंग गोळीचा उपेग काय?" 

पहाटे धुक्यात हे निघायचे. परत यायचे तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हात थरथरत असायचे, ओठ पांढरे. एकदा दारात आले आणि मला ओळखलंच नाही असं बघत उभे राहिले. मग एकदम माझ्यावर ओरडले, कशावरून ते त्यांनाही सांगता आलं नाही. थोडा वेळ पडले, दुपारची भाकरी खाल्ली तेव्हा माणसात आले. मी घाबरले होते. हे मात्र खूश. "घाम बघ कसला निघाला. चरबी जळते ती." पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडायला तो मोच्याकडे दिला होता. कचेरीतले लोक विचारत होते, काय साहेब, काय करता? ह्यांना हा प्रश्न फार आवडायचा.

माझ्या अंगणवाडीत कातकरी वाडीतली पोरं यायची. कुणी कुणी इतकी वाळलेली असायची की उचलताना हाताला फक्त हाडं लागायची. आम्हाला शिकवलं होतं, अशा पोराला एकदम पोटभर वाढायचं नाही. थोडं द्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा थोडं. उपाशी शरीराला अन्नसुद्धा सोसवत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. मी ते रोज करत होते. आणि घरी येऊन बघत होते की एक धडधाकट माणूस स्वतःच्या शरीराला शत्रूसारखं हाणतोय. मी समजावलं, भांडले, एकदा ताट पुढे ठेवून रडलेही. त्या माणसाला फक्त दादांचं मरण दिसत होतं, आणि ते मागे टाकायला तो पळत होता. त्याला मी काय बोलून थांबवणार होते?

संक्रांतीला दोन्ही घरांत तिळगूळ नव्हता, दादा गेल्यामुळे वर्षभर सण करायचे नव्हते. पण मनीषा शाळेतून एक लाडू घेऊन आली आणि वडिलांच्या हातावर ठेवला. ह्यांनी तो तिच्या हातावर परत ठेवला. रागाने नाही, हसून. "पुढल्या सक्रांतीला दोन खाईन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. मनीषाची आंघोळ झाली, वेणी घातली, शाळेला निघायची वेळ झाली तरी हे आले नव्हते. मला वाटलं, पुलाच्या पुढे गेले असतील. ह्यांना रोज थोडं पुढे जायची सवय लागली होती. तेवढ्यात भट्टीवर कामाला जाणाऱ्या दोन बाया धावत अंगणात आल्या. एकीच्या कमरेवर पोर होतं.

"बाय, तुमचं मालक रस्त्याला पडलंय. बोलत नाय."

मी धावले. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला हे पडले होते. तोंडातून फेस आला होता, अंग थंडगार, भिजलेलं. आजूबाजूला दोघे-चौघे उभे होते. त्यातला एक म्हणाला, "आमाला वाटलं, रात्रीचं घेऊन पडलंय." किती वेळापासून पडले होते ते कुणालाच माहीत नव्हतं. किती माणसं धुक्यात वळसा घालून गेली तेही नाही. त्या दोन बायांनी तेवढं ह्यांना पालथ्याचं उताणं केलं होतं आणि पदराने तोंड पुसलं होतं.

जीपमधून शहापूरला नेलं. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं आणि लगेच शिरेतून ग्लुकोज चालू केलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. माझ्याकडे न बघता ते नर्सला भराभर सांगत होते. नंतर म्हणाले, "साखर पार खाली गेली होती. मेंदूला साखरच मिळाली नाही बराच वेळ." मला काही कळेना. साखर जास्त आहे म्हणून आलो होतो ना आपण याच डॉक्टरांकडे? मी तसं विचारलंसुद्धा. त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, "बाई, गोळी साखर खाली आणते. पोटात अन्न नसलं, वर पळापळ केली, तर ती थांबत नाही. आणतच राहते."

तिथून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात. तिथे बरेच दिवस. डोळे उघडले तेव्हा सगळे म्हणाले, वाचले. मीही म्हटलं.

शिमग्याच्या सुमारास घरी आणलं. होळीच्या आत पंचवीस वर्षांचे होणार होते. आले ते लहान मुलासारखे. चालता येत होतं, पण कुठे जायचं ते कळत नव्हतं. चमचा हातात दिला तर बघत राहायचे. मनीषाला ओळखायचे, पण ती दुसरी-तिसरीत आहे असं धरून बोलायचे. आणि सकाळी उठले की पहिला प्रश्न, "दादा कुठंय?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. त्या दिवशी हे रडले, दहाव्या-बाराव्याला रडले नव्हते ते सगळं. ऊर फुटेल असं रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि पुन्हा विचारलं, "दादा कुठंय?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. तिसऱ्या दिवशी माझ्याने सांगवलं नाही. रोज सकाळी एका माणसाचा भाऊ मारायचा, हे माझ्या हातून होईना. मी म्हटलं, "मळ्यात गेलेत." ह्यांचा चेहरा खुलला. "एवढ्या लवकर?" म्हणाले आणि चहा प्यायले.

जाऊबाई भिंतीपलीकडून हे रोज ऐकायच्या. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं आणि भिंतीच्या अलीकडे त्यांचा नवरा रोज मळ्यात जात होता. मला वाटायचं, एक दिवस येऊन मला काहीतरी बोलतील. एका सकाळी मला जरा उशीर झाला. मी चुलीपाशी होते. हे जाऊबाईंच्या ओट्यावर जाऊन त्यांनाच विचारत होते, "वयनी, दादा कुठंय?" माझा हात थांबला.  मग जाऊबाईंचा आवाज आला, "येतील एवढ्यात. तुमी बसा. च्या घेता?"

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून ह्यांना सांभाळलं.

पुढच्या एक तारखेला तर नवं शतक लागत होतं. सगळीकडे त्याचीच चर्चा, टीव्हीवर रोषणाई. आमच्या घरात त्या दिवशी एक गोष्ट झाली. ह्यांनी शर्टाचं वरचं बटण स्वतःच्या हाताने लावलं. त्यासाठी आम्ही कधीपासून खटपट करत होतो. शहापूरच्या त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका वेळी एकच गोष्ट धरा. ती जमली की दुसरी. आणि दमायच्या आधी थांबा, दमल्यावर नाही. मी तसंच करत होते. बटण जमलं, मग चमचा धरला. मग अंगणाच्या कडेपर्यंत जाणं. मग बोअरिंगच्या हातपंपापर्यंत. मग बोअरिंगच्या पुढे चिंचेपर्यंत.

वाचणाऱ्याला वाटेल, असं करत करत सुधारले. तसं नाही. चिंचेपर्यंत जाणारे हे एखाद्या महिन्यात अंथरुणातून उठायचेच नाहीत. ताप यायचा आणि चमचा धरणं विसरून जायचे, पुन्हा पहिल्यापासून. कधी माझ्यावर हात उगारायचे, कधी लुगड्याचा पदर घट्ट धरून बसायचे. मलाही कंटाळा यायचा. कितीतरी दिवस मी त्यांना तसंच पडू दिलं, कारण मला अंगणवाडीत जायचं होतं, चूल होती, मनीषाची दहावी होती. एवढंच शिकले की बंद पडलं म्हणजे संपलं असं नसतं. जिथे बंद पडलं त्याच्या थोडं अलीकडून पुन्हा धरायचं. चिंच नाही तर बोअरिंग. बोअरिंग नाही तर अंगण. अंगण नाही तर खाटेवर उठून बसणं, आज तेवढंच. या थोड्या थोड्याचा ह्यांना केवढा तिटकारा होता. आता त्यांचं सगळं आयुष्य त्यावरच चालू होतं, आणि ते त्यांना सांगूनही कळलं नसतं.

मनीषाच्या बारावीच्या वर्षी, थंडीतच, एकदा आम्ही तिघं चिंचेपर्यंत गेलो होतो. मी, हे आणि जाऊबाई. पलीकडच्या शेतात वाल फुलला होता. हे चिंचेच्या मुळावर बसले आणि शेताकडे बघत राहिले. मग अगदी पूर्वीच्या, कचेरीत जायच्या आवाजात म्हणाले, "दादा गेला, नाय का वयनी?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो भावजी. गेले."

"खळ्यावर?"

"खळ्यावरच."

ह्यांनी मान डोलावली. रडले नाहीत. बराच वेळ हातातलं चिंचेचं वाळकं फोल मोडत राहिले. मग म्हणाले, "दमलो गो सुमन. घरी जाऊ."

लग्न झाल्यापासून हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. कचेरीतून उभ्याने प्रवास करून आलेले असोत, लावणीच्या दिवसांत चिखलातून आलेले असोत, दमलो म्हणून कधी सांगितलं नाही. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि घरी आणलं. मला वाटलं, आता काहीतरी परत येईल. रात्रभर आशा धरून होते.

सकाळी उठले आणि म्हणाले, "दादा कुठंय?"

"मळ्यात," मी म्हटलं.

त्यानंतर दोन पावसाळे काढले ह्यांनी. तिसऱ्या पावसाळ्यात छातीत कफ भरला आणि तीन-चार दिवसांत गेले.  मनीषा कल्याणला शिकत होती, ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लोक म्हणाले, सुटले. तुम्हीपण सुटलात.  पण कुणी तसं म्हटलं की मला त्या माणसाचा राग यायचा, अजून येतो.

त्याच वर्षी डिसेंबरात अंगणवाडीच्या बायांची तपासणी झाली, त्यात माझी साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली. तीच, त्याच रंगाची, मी बघताच ओळखली. मी ती घरी आणून फळीवर ठेवली आणि घेईना. दोन दिवस गोळी घेतली नाही आणि जेवलेही नाही. गोळी घेतली तर ह्यांच्यासारखं होईल, नाही घेतली तर साखर आतून खाईल. ताटात भात घेतला तर घास हातातच राहायचा. कुणाला सांगायची हिंमत नव्हती, मनीषाला तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई भिंतीला वळसा घालून आल्या. तपासणीचं त्यांच्या कानावर आलं होतं. हातात झाकलेलं ताट होतं. त्यांचे गुडघे आता धरतात, त्यामुळे खाली बसायला त्यांना वेळ लागतो. बसल्या. ताट उघडलं. नवा भात, वालाचं बिरडं. माझ्यासमोरच त्यांनी हाताने भाताचा थोडा भाग उचलला आणि बाजूला, स्वतःसाठी आणलेल्या वाटीत टाकला.

"एवढा कमी," म्हणाल्या.

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या मी मेले काय? उद्या परत येईन." मग फळीकडे बघून म्हणाल्या, "गोळी कंची ती? आन इकडं. डाक्टरनी काय सांगितलं तुला?"

"गोळी घ्यायची. आणि जेवण चुकवायचं नाही."

"मंग?"

मी गोळी घेतली. पाण्याचा तांब्या त्यांनीच धरला. मग मी भात कालवला.  जाऊबाई वाटीतला भात खात होत्या आणि बिरड्यात मीठ कमी पडलंय म्हणून स्वतःशीच कुरकुरत होत्या. मी सावकाश सगळं ताट संपवलं. मग त्यांना हात देऊन उठवलं, आणि आम्ही दोघी भांडी घेऊन मोरीकडे गेलो.